गिरवलेल्या रेषेचे कूळ

मेंदूचा एमआरआय आज संगणकात टाकला की मिनिटाभरात करडा भाग, पांढरा भाग आणि मेंदूतले पाणी वेगवेगळ्या रंगांत रंगवून मिळते. हे काम डीप लर्निंग करते, म्हणून त्याची कहाणी बहुतेक जण 2012 च्या आसपासपासून, न्यूरल नेटवर्कच्या भरभराटीपासून सांगतात. ती अर्धीच कहाणी आहे. मेंदूच्या भागांमधल्या सीमा या नेटवर्कने शोधून काढलेल्या नाहीत. माणसांनी स्कॅनवर हाताने आखलेल्या रेषा ते गिरवायला शिकले आहे. या तंत्राचे खरे कूळ त्या आखणाऱ्या हातांपर्यंत जाते, आणि ते विसरले की यंत्राच्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवताच येत नाही.

ब्रॉडमनने 1909 मध्ये मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशा काढला तो सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी पाहून. त्याच्यासमोर प्रत्यक्ष ऊती होती. 1973 मध्ये लाउटरबरने चुंबकीय अनुनादातून चित्र मिळवण्याची वाट दाखवली आणि पुढे जिवंत माणसाचा मेंदू न उघडता पाहता येऊ लागला; पण स्कॅन देतो ते उजेडाचे आकडे, सीमा देत नाही. मेंदूवरचे करडे आवरण सरासरी अडीच मिलिमीटर जाड असते, आणि नेहमीच्या स्कॅनमधला एकेक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, साधारण एक मिलिमीटरचा. सीमेवरच्या ठोकळ्यात थोडा करडा आणि थोडा पांढरा भाग असतो, आणि आकडा येतो तो दोघांच्या मधला. शिवाय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखे नसल्याने एकच पांढरा भाग एका बाजूला उजळ, तर दुसऱ्या बाजूला मंद दिसतो. बोस्टनमध्ये वेल्स आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये यावर सुंदर तोड काढली: ऊती ओळखणे आणि ही उजेडाची असमानता मोजणे, दोन्ही कामे एकमेकांच्या आधाराने आळीपाळीने करायची. लंडनच्या अ‍ॅशबर्नर आणि फ्रिस्टन यांनी 2005 मध्ये त्यात मेंदूच्या प्रमाण-नकाशाशी जुळवणीही गुंफली. ही पिढी संख्याशास्त्रावर उभी होती. तरीही फिशल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये फ्रीसर्फर या संगणक-प्रणालीसाठी अख्ख्या मेंदूचे भाग ओळखण्याची पद्धत बसवली, तेव्हा तिच्या पायाशी तज्ज्ञांनी हाताने खुणा केलेले मेंदूच होते.

डीप लर्निंगची शाखा फुटली ती माणसाच्या मेंदूवर नव्हे, फळमाशीच्या अळीवर. तिच्या चेतारज्जूच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांत पेशींची आवरणे ओळखायची, अशी स्पर्धा 2012 मध्ये झाली. चिरेशान आणि त्याच्या स्वित्झर्लंडमधल्या सहकाऱ्यांचे नेटवर्क ती जिंकले, पण प्रत्येक बिंदूभोवतीची चौकट स्वतंत्रपणे तपासत ते फार हळू चाले. 2015 मध्ये फ्रायबुर्गच्या रॉनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स यांनी यू-नेट मांडले. हे नेटवर्क आधी चित्र आक्रसत नेते, म्हणजे त्याला मोठा संदर्भ कळतो; मग ते पुन्हा फुलवते; आणि आक्रसताना हरवलेला बारकावा वाटेतून थेट पलीकडे पोचवते, म्हणून कडा नेमकी राहते. त्या स्पर्धेत शिकायला अवघी 30 चित्रे होती. ती रबरासारखी ताणून-वाकवून त्यांनी शिकवणीचा साठा वाढवला. वैद्यकशास्त्रात हे इतके झपाट्याने रुजले याचे कारण उघड आहे: हाताने आखलेली चित्रे तिथे नेहमीच दुर्मीळ असतात. पुढच्याच वर्षी आलेल्या व्ही-नेटने डाइसचा गुणांकच शिकवणीचे ध्येय केला. ली डाइस हा प्राणिशास्त्रज्ञ. दोन जाती एकाच जागी किती वेळा आढळतात हे मोजायला त्याने 1945 मध्ये हे माप सुचवले होते. इथे त्या मापाने यंत्राची रेषा माणसाच्या रेषेवर किती बसते हे पाहतात. म्हणजे नेटवर्कला बक्षीस मिळते ते शरीरातल्या सत्यासाठी नव्हे, आखणाऱ्याशी जुळल्याबद्दल.

यावर पहिला आक्षेप असा की माणसे आपापसातही जुळत नाहीत. यंत्र निदान दरवेळी तेच उत्तर देते. हे खरे आहे. मेंदूतल्या गाठींच्या ब्रॅट्स स्पर्धेत गाठीचे वेगवेगळे भाग आखताना तज्ज्ञांमधला डाइस 74 ते 85 टक्क्यांच्या दरम्यानच निघाला. पण सातत्य म्हणजे अचूकपणा नव्हे. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसवर अल्व्हिअस नावाचा पांढऱ्या तंतूंचा पातळ थर असतो. काही तज्ज्ञ तो हिप्पोकॅम्पसमध्ये धरतात, काही वगळतात. अल्झायमरच्या अभ्यासांत अशा 12 प्रचलित नियमावल्या होत्या. त्या एकत्र आणायला आंतरराष्ट्रीय गटाला बरीच वर्षे खर्चावी लागली. वगळणाऱ्यांकडून शिकलेले यंत्र तो थर दरवेळी, न चुकता वगळेल. रुग्णाच्या अहवालात मात्र घनफळाचा आकडा येतो, नियमावली येत नाही, आणि आकसलेला हिप्पोकॅम्पस हा तर त्या आजाराचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सिंथसेगसारखे नेटवर्क खऱ्या स्कॅनवर शिकतच नाही. मनमानी उजेडाच्या कृत्रिम चित्रांवर ते शिकते, आणि कुठल्याही यंत्राचा स्कॅन हाताळते. ही मोठी मजल आहे, यात शंका नाही. पण ती कृत्रिम चित्रे तयार होतात ती भागांच्या खुणा केलेल्या नकाशांतून. क्विकनॅट हे दुसरे नेटवर्क आधी फ्रीसर्फरच्या निकालांवर शिकले, मग हाताने आखलेल्या थोड्या नमुन्यांवर. आणि फ्रीसर्फर मुळात हाताने खुणा केलेल्या मेंदूंवर. नातवाच्या अक्षरात आजोबांचे वळण उतरावे तशी जुनी रेषा पिढ्यांमागून पिढ्या पुढे येत राहते.

सगळ्यात कठीण जागा तान्ह्या बाळांच्या स्कॅनमध्ये आहे. साधारण सहा ते आठ महिन्यांच्या वयात मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढत असते, आणि त्या काळात करडा व पांढरा भाग स्कॅनवर जवळजवळ सारखाच दिसतो. डोळ्यालाच सीमा दिसत नाही, तर शिकवणीची रेषा आणायची कुठून? 2017 च्या आयसेग स्पर्धेसाठी सहा महिन्यांच्या बाळांचे नमुने तयार केले ते त्याच बाळांचे दोन वर्षांच्या वयातले स्कॅन हाताशी घेऊन. त्या वयात दोन्ही भाग स्पष्ट वेगळे दिसतात. आधी संगणकाने त्या आधारावर ढोबळ आखणी केली आणि मग तज्ज्ञांनी ती एकेक काप पाहत हाताने दुरुस्त केली. स्पर्धेतल्या नेटवर्कना शिकायला अशी दहा बाळे मिळाली.