आवरलेला हात

18 नोव्हेंबर 1993, न्यूयॉर्क. सोनीच्या स्टुडिओत तुम्ही दाटीवाटीनं बसला आहात. समोर लिलीची फुलं, काळ्या मेणबत्त्या, वर काचेचं झुंबर. कोणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखं वाटतं. सजावट गायक कर्ट कोबेननंच तशी मागितली आहे. त्याच्या 'निर्वाणा' या रॉक बँडचा कार्यक्रम संपत आलाय. सगळे कोबेनकडं बघताहेत. तुम्ही मागं ड्रमवर बसलेल्या डेव्ह ग्रोलकडं बघा. एरवी हा पठ्ठ्या ड्रम फुटेल की काय असा बडवतो. आजच्यासाठी निर्माते अ‍ॅलेक्स कोलेटी यांनी त्याला मुद्दाम काठ्यांऐवजी मऊ आवाजाचे ब्रश भेट दिलेत.

शेवटचं गाणं : 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट'. तीन मात्रांचा ठेका, संथ लय. ग्रोल काहीच करत नाही, असं आधी वाटतं. कान देऊन ऐकलंत की कळतं, तो लय नुसती दाखवतो आणि बाजूला होतो. शेवटच्या कडव्यात कोबेन वरच्या सप्तकात जाऊन फाटक्या गळ्यानं ओरडतो. ड्रम आधीच गाजले असते, तर त्या ओरडण्याला जागाच उरली नसती.

कोबेननं सांगून टाकलंय : गाणं त्याच्या आवडत्या कलाकाराचं, लेड बेलीचं. खरं तर ते त्याहून जुनं, अ‍ॅपलेशियन डोंगरांतलं लोकगीत. पण लेड बेलीचं बोट धरून सत्तर वर्षं मागं चला.

टेक्सासमधलं शुगर लँड. इंपीरियल साखर कारखान्याचं गाव, आणि जवळच सरकारी तुरुंगाची शेती. ब्राझोसच्या खोऱ्यातली चिकट माती तुमच्या पायांना धरून ठेवते. हातात लांब दांड्याचं खुरपं. शेजारी काळ्या कैद्यांची रांग, मागं घोड्यावर बंदूकवाला. दफ्तरात 'वॉल्टर बॉइड' असं नाव असलेला तो दणकट माणूस म्हणजे ह्यूडी लेडबेटर, लेड बेली. 1918 पासून खुनाची शिक्षा भोगतोय.

एकजण ओळ फेकतो, बाकीचे उचलतात, आणि सगळी खुरपी एकदम मातीत. पुन्हा ओळ, पुन्हा खुरपी. इथं ड्रम नाही, गिटार नाही. लय मुद्दाम संथ ठेवलेली, कारण जो मागं पडेल त्याच्या पाठीवर चाबूक. सगळ्यांत थकलेल्या माणसाला झेपेल अशी चाल धरायची, म्हणजे कोणी एकटा उघडा पडत नाही. जात्यावरच्या ओवीतही खुंट्याचा फेरा ओळीला लय देतो. पण तिथं सासू रागावली तरी हातात बंदूक नसते.

पुढं लेड बेलीनं 'टेक धिस हॅमर' ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा ओळीनंतर हातोडा पडण्याच्या जागी त्यानं हुंकार ठेवला. तोच त्याचा ड्रम. संथ रॉक गाण्यात नेमक्या जागी एकच ठोका टाकून गप्प बसणं मला या शेतातलं वाटतं. संगीताचे इतिहासकार यावर भांडतील, भांडोत.

रात्री बराकीजवळून सदर्न पॅसिफिक रेल्वेची गाडी जाते. तिचा उजेड ज्याच्यावर पडेल तो सुटणार, अशी कैद्यांची समजूत. लेड बेलीला मात्र गाण्यानं सोडवलं. त्यानं गव्हर्नर पॅट नेफ यांना गाऊन माफी मागितली, आणि जानेवारी 1925 मध्ये, पद सोडता सोडता, त्यांनी ती दिली.

आता एकदम अलीकडं या. शुगर लँडमध्ये 1939 साली बांधलेल्या तुरुंगाच्या इमारतीत आता निसर्गविज्ञान संग्रहालय आहे. रविवारी मराठी आईबाप पोरांना डायनोसॉर दाखवायला आणतात. याच गावात 2018 मध्ये शाळेच्या बांधकामात 95 काळ्या माणसांचे सांगाडे सापडले. कैदी भाड्यानं द्यायची पद्धत होती, त्या 1878 ते 1911 या काळातले. 2019 मध्ये त्यांना तिथंच पुन्हा पुरलं. लोकगीतं गोळा करणारे लोमॅक्स पितापुत्र ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन टेक्सासच्या तुरुंगांत पोचले ते 1933 साली. त्या 95 जणांसाठी फार उशीर झाला होता.

एक विनंती. लेड बेलीचं 1944चं ध्वनिमुद्रण आधी ऐका, मग निर्वाणाचं. आणि फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. नाहीतर कोबेन ऐकू येईल, ग्रोल येणार नाही.