‘वंदे मातरम्’ची मूळ चाल

गेल्या कार्तिकी पौर्णिमेस आमच्या देवस्थानच्या सभामंडपात एक प्रसंग घडला. दीपोत्सवाचा कार्यक्रम संपला, आरती झाली, आणि प्रथेप्रमाणे शेवटी ‘वंदे मातरम्’ म्हणावयाचे होते. शाळेच्या मुलींनी आपण शिकलेल्या चालीवर आरंभ केला. तो होतो न होतो तोच भजनी मंडळातील वृद्धांनी दुसरीच चाल उचलली. दोन्ही पक्षांचे आवाज खणखणीत, कोणीच हटेना. पेटीवाल्याने काही वेळ दोन दगडांवर पाय ठेवून पाहिले आणि अखेर भाता सोडून दिला. दुसऱ्या कडव्याशी मुली थांबल्या. वृद्धांनी गीत पुरे केले खरे, परंतु त्या मुलींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आल्याचे आम्ही स्वतः पाहिले.

पुढील बैठकीत यावर वाद निघाला. एक विश्वस्त म्हणाले, नभोवाणीवर सकाळी लागते तीच मूळ चाल. भजनी मंडळाच्या म्होरक्यांनी, ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि ज्यांचे शिक्षण गोमंतक मुक्त होण्यापूर्वी बेळगावास झाले, सांगितले की मास्तर कृष्णरावांची तीच खरी, बाकीच्या नकला. एका तरुणाने चित्रपटातील लताबाईंची चाल पुढे केली. शेवटी सर्वांची दृष्टी आमच्याकडे वळली. “वकीलबाब, आता तुमीच निवाडो करात,” असे म्होरक्यांनी म्हटले, आणि आम्ही तो भार घेतला. त्या निमित्ताने जे वाचले, ऐकले आणि ताडून पाहिले ते येथे मांडीत आहो.

पुराव्याच्या कायद्याचा साधा नियम असा, की मूळ दस्तऐवज असेल तर तोच हजर करावा. नक्कल तो नसेल तेव्हा. या गीताच्या शब्दांचा मूळ दस्तऐवज निर्विवाद आहे. बंकिमचंद्रांनी ते १८७५ च्या सुमारास रचिले आणि पुढे ‘आनंदमठ’ या कादंबरीत गोविले. ही कादंबरी ‘बंगदर्शन’ मासिकातून क्रमशः येऊन १८८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत संन्यासी भवानंद हे गीत गातो, आणि गीताबरोबर राग-तालाचा निर्देशही आहे: राग मल्हार, ताल कव्वाली. प्रसिद्ध गवई यदुनाथ भट्टाचार्य, ज्यांना बंगाली लोक यदुभट्ट म्हणून ओळखतात, त्यांनी याची पहिली चाल बांधली असे बंगालची परंपरा मानते. यदुभट्ट १८८३ साली वारले. तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय हिंदुस्थानात नव्हती. म्हणजे रागाचे नाव उरले, तालाचे नाव उरले, चाल मात्र हवेत विरून गेली. मल्हार म्हणजे काही एक चाल नव्हे. एका रागात शंभर गवई शंभर चाली बांधतील. तेव्हा मूळ दस्तऐवज गहाळ. राहिल्या त्या सर्व दुय्यम.

त्या दुय्यम पुराव्यांत वयाने सर्वांत वडील म्हणजे रवींद्रनाथांची देस रागातील चाल. तिची स्वरलिपी प्रतिभादेवींनी १८८५ साली ‘बालक’ मासिकात प्रसिद्ध केली. बंकिमबाबू १८९४ पर्यंत हयात होते, तेव्हा ही चाल कवीच्या डोळ्यांदेखत छापली गेली, हा मुद्दा कोणत्याही न्यायाधीशाने लक्षात घ्यावा असा आहे. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी स्वतः ती गायिली. मौज अशी, की त्यांनी पहिल्या दोन कडव्यांचीच चाल केली होती. उरलेल्यांची चाल त्यांच्या सांगण्यावरून भाची सरलादेवींनी बांधली. ज्या चालीला आपण ‘रवींद्रनाथांची’ म्हणतो तीही अशी दोन हातांची आहे.

रवींद्रनाथांच्या स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका सुदैवाने उपलब्ध आहे. स्वदेशीच्या काळात हेमेंद्रमोहन बोस यांनी ती घेतली. आम्ही ती पुनःपुन्हा ऐकली. आवाज उंच, काहीसा अनुनासिक, आणि लय मोकळी. मराठी कानाला पहिला धक्का बसतो तो उच्चारांचा. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो, अकाराला ओकाराची छटा येते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण संस्कृतात पाळतो तसा राहात नाही. त्यामुळे स्वर अक्षरावर न रेंगाळता अक्षरांच्या मधून वाहतो. देसचा तो रिषभ, आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल निषाद, आणि पावसाळी हवेतील ओलावा, हे सर्व त्या गळ्यात एकजीव होते. परंतु हे एकट्याने गावयाचे गाणे आहे. शंभर जणांनी एकदम म्हटले तर त्या मिंडांची काय गत होते, हे आमच्या सभामंडपाने अनुभविले आहे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढिले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाणे हे त्यांनी व्रतासारखे चालविले. त्यांची चाल काफी रागातील. काफीचे कोमल गंधार आणि निषाद आपल्या भजनी कानाच्या ओळखीचे, चाल सरळ, शब्द स्वच्छ. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी संगीतास हरकत घेतली, तेव्हा पलुसकरांनी माघार न घेता संपूर्ण गीत म्हटले, हे प्रसिद्ध आहे. बंगालबाहेर, मैदानातल्या जनसमुदायापुढे ध्वनिवर्धकाशिवाय गावयाचे, म्हणून चाल बदलली. तिला नक्कल म्हणणे आम्हांस जड जाते.

ध्वनिमुद्रिकांचा काळ आला आणि चालींचे पीकच आले. ‘संत तुकाराम’ चित्रपटाने घरोघर पोचलेले विष्णुपंत पागनीस यांनी हे गीत सारंगात गायिले. तिमिरबरन यांनी दुर्गा रागात संचलनाच्या ठेक्यावर बांधिले. त्या काळच्या मुद्रिकेच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. संपूर्ण गीत त्यात बसवायचे तर एक तर धावावे लागे, नाही तर कापावे लागे. श्रोत्यांना वाटते की गवयाच्या लहरीने लय वाढली. पुष्कळदा ती लाखेच्या तबकडीने वाढविलेली असते.

चाल कोणती हा प्रश्न ज्यांना सुचण्याचीही सवड नव्हती अशांचीही आठवण येथे केली पाहिजे. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. त्यांनी ती मोडली आणि शेकडो मुलांची नावे पटावरून उडाली. नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. त्यांत मराठवाड्यातील मराठी मुले होती, आणि पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. त्यांच्यापैकी कोणी देस म्हटला की काफी, याची चौकशी निजाम सरकारने केली नसावी.

आता आमच्या म्होरक्यांचे मास्तर कृष्णराव. कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ चा, आळंदीचा. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीचे आणि ‘प्रभात’चे संगीतकार. स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर त्यांनी हे गीत आरंभताच त्यांचा आवाज मध्येच तोडण्यात आला, आणि त्यांनी त्या केंद्रावर बहिष्कार घातला. एवढ्यावर थांबणारा हा माणूस नव्हता. त्यांनी गीत झिंझोटीत बांधिले आणि ते राष्ट्रगीत व्हावे म्हणून अक्षरशः वकिली केली. आमच्या धंद्यातील कोणी अशिलासाठी इतका झिजल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

त्यांच्यासमोर आक्षेप कोणता होता? ‘वंदे मातरम्’ समुदायाने म्हणता येत नाही, आणि विशेषतः बँडवर वाजत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पितळी वाद्यांना ठरलेले स्वर असतात. देसमधील घसरत जाणारी मिंड त्यांना पेलत नाही. मास्तरांनी याचे उत्तर भाषणाने दिले नाही, चालीने दिले. झिंझोटीचा संचार मुख्यतः मंद्र आणि मध्य सप्तकांत. तारसप्तकात चढावे लागत नाही, म्हणून पुरुष, बायका, मुले सर्वांचे गळे एका पट्टीत बसतात. स्वर सुटे ठेविले, मिंडा टाळल्या, ताल पावलांना जुळेल असा घेतला. मुंबईत ती चाल बँडवर वाजवून घेतली, आणि दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे गाऊन दाखविली.

तरी निकाल विरुद्ध गेला. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची धून मागण्यात आली, तेव्हा ‘जन गण मन’ची मुद्रिका देण्यात आली. तेथील वाद्यवृंदाने ती वाजविली आणि ती पसंत पडली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी याविषयी निवेदन केले. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा धून महत्त्वाची, आणि ‘वंदे मातरम्’ची धून करुण असून वाद्यवृंदास सोयीची नाही, असा त्यांचा रोख होता. प्रांतोप्रांतीच्या राज्यपालांचे मत मागविले, तेव्हा एक सोडून सर्वांनी ‘जन गण मन’ला अनुमती दिली. तो एक म्हणजे मध्य प्रांताचा. नागपूरकर वाचकांनी याची नोंद घ्यावी! पुढे २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रबाबूंनी अध्यक्षस्थानावरून निवेदन करून ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्याबरोबरीचा मान, असे जाहीर केले. त्यावर मतदान झाले नाही, आणि घटनेच्या मूळ मजकुरात दोहोंपैकी एकाही गीताचे नाव नाही.

शब्दांचा वाद याहून निराळा. नंतरच्या कडव्यांत दुर्गेचे रूपक आहे. त्यावर मुसलमान समाजाची हरकत होती. १९३७ साली काँग्रेस कार्यसमितीने पहिली दोन कडवीच म्हणावी असे ठरविले, आणि तसाच सल्ला रवींद्रनाथांनीही दिला होता. आम्हांस येथे फक्त चालीचे पाहावयाचे आहे. परंतु चालीच्या दृष्टीने हे कापणे महत्त्वाचे ठरले, कारण ही दोन कडवी संस्कृत आहेत. बंगाली क्रियापदे नंतरच्या भागात येतात. दोन कडव्यांपुरते गीत कोणत्याही भाषेच्या गळ्याला आपल्या उच्चाराने म्हणता येऊ लागले, आणि मराठी गवयांच्या चाली त्यामुळे आणखी मोकळ्या झाल्या. संस्कृताचे गुरु-लघु ज्यांच्या कानांत आरत्या-स्तोत्रांनी मुरले आहेत, त्यांना ते तालात बसविणे सोपे गेले.

नेहरूंच्या आक्षेपाची परीक्षा घ्यावयाची तर आम्ही दोन मुद्रिका एकापाठोपाठ ऐकण्याची शिफारस करतो. पहिली पंडित ओंकारनाथ ठाकुरांची. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सकाळी सरदार पटेलांच्या सांगण्यावरून त्यांनी नभोवाणीवर संपूर्ण गीत गायिले. राग बंगीय काफी. ओंकारनाथ पलुसकरांचेच शिष्य, म्हणून काफीचे बीज ओळखू येते. परंतु गुरूची मैदानी चाल शिष्याच्या गळ्यात दरबारी झाली आहे. स्वरांची ती आर्तता ऐकली की ‘करुण’ हा शब्द नेहरूंना कोठून सुचला ते कळते. दुसरी १९५२ च्या ‘आनंदमठ’ चित्रपटातील, हेमंतकुमारांच्या संगीतातली लताबाईंची. तीत मागे वृंद आहे, लय धावती आहे, पावले वाजल्याचा भास होतो. हेच शब्द असे उसळू शकतात, हे दिल्लीच्या निकालानंतर दोन वर्षांनी मुंबईच्या एका चित्रपटाने दाखवून दिले. वरच्या न्यायालयात पुरावा उशिरा दाखल व्हावा तसे हे झाले.

तरीही लताबाईंची चाल आम्ही सभामंडपासाठी सुचविली नाही. ती मागच्या वृंदावर उभी आहे. पेटी आणि तबल्यावर ती अर्धी राहते. स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, १९९७ साली, रेहमान यांनी केलेल्या गाण्याचे नावही एका मुलाने घेतले. ते गाणे चांगले आहे, परंतु त्यात बंकिमबाबूंचे दोन शब्द तेवढे आहेत. ते चाल बदलणे नव्हे, नवे गाणेच होय.

बैठकीत आम्ही आमचा अभिप्राय दिला तो असा: मूळ चाल कोणाजवळच नाही, म्हणून एकाने दुसऱ्याला नक्कल म्हणू नये. देसला कवीच्या हयातीचा आधार आहे. ती एका मुलीने एकटीने, शांतपणे गावी. सर्वांनी मिळून म्हणावयाचे तेव्हा झिंझोटी, कारण ती त्याच कामासाठी घडविली आहे. नभोवाणीवाले विश्वस्त यावर नाखूश झाले आणि त्यांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदविण्यास लाविले. तो नोंदविला आहे.

म्होरक्यांना मात्र ‘मूळ’ हा शब्द सोडणे फार जड गेले. दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दिनदर्शिकेच्या पानामागे पेन्सिलने लिहिलेली झिंझोटीची सरगम घेऊन ते शाळेत गेले आणि ज्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले होते तिलाच प्रथम हाक मारून पुढे बसविले. महिनाभर शिकवणी चालू आहे. पहिले कडवे बसले. दुसऱ्यात मुली अजून सवयीने देसकडे वळतात, आणि म्होरके पेटीवर टिचकी मारून त्यांना परत आणतात.