शिपायाच्या घरचे औषध

सोलापुरातील सदर बझार ही वस्ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिच्या नावात या शहराचा लष्करी इतिहास दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजी अमदानीत छावणीला लागून जी मुख्य बाजारपेठ वसे तिला सदर बाजार म्हणत. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रो याने पेशव्यांच्या फौजेचा मोड करून सोलापूरचा किल्ला घेतला, आणि पुढे येथे छावणी वसली. कालांतराने पलटणी निघून गेल्या. मागे राहिले ते नाव. पलटण हलली म्हणजे तिचे डॉक्टर व तिच्या औषधांच्या पेट्याही तिच्याबरोबर हलतात. शिपायाच्या औषधपाण्याचा हक्क हा असा दीर्घकाळ छावणीशी बांधलेला होता, आणि शिपायाचे घर मात्र बहुधा छावणीपासून दूर असे. हक्क व घर यांमधील हे अंतर कसकसे कमी होत गेले, याचाच हा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक देशी पलटणीचे स्वतःचे लहानसे रुग्णालय असे. आजारी शिपायास बरे करून पुन्हा रांगेत उभे करणे हा त्याचा हेतू. गावी राहिलेली बायको, मुले व म्हातारे आईबाप यांचा विचार त्या व्यवस्थेत नव्हता. त्यांना आधार तो गावच्या वैद्याचा, आणि प्रसंग कठीण आलाच तर सावकाराचा.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात. मेसोपोटेमियात गेलेल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कूत येथे ही फौज वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. त्या मोहिमेत जखमींचे जे हाल झाले, त्यांची चौकशी करण्यास विलायत सरकारला कमिशन नेमावे लागले; १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने वैद्यकीय व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले. १९१८ साली देशी पलटणींसाठी पलटणवार रुग्णालयांऐवजी ठाण्याची मोठी रुग्णालये मंजूर झाली. १९१९ साली माजी सैनिकांच्या हितासाठी जे मंडळ स्थापन झाले, तेच आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड होय. ३ एप्रिल १९४३ रोजी लष्करातील निरनिराळ्या वैद्यकीय शाखा एकत्र करून आर्मी मेडिकल कोअर उभे राहिले.

तथापि एक उणीव राहिलीच. शिपाई ऐन तारुण्यात भरती होतो आणि इतर नोकरवर्गाच्या पुष्कळ आधी निवृत्त होतो. त्या वेळी त्याची मुले शाळेत असतात, आईबाप थकलेले असतात. नागरी खात्यांतील केंद्र सरकारच्या नोकरांसाठी आरोग्य योजना दिल्लीस १९५४ सालीच सुरू झाली; माजी सैनिकास मात्र, लष्करी रुग्णालयात जागा व औषध शिल्लक असेल तर मिळेल, अशा सवलतीवर बव्हंशी विसंबावे लागे. सोलापूरच्या निवृत्त हवालदारास जवळचे मोठे लष्करी रुग्णालय म्हणजे पुण्याचे, सुमारे अडीचशे किलोमीटरांवर! साध्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी इतका प्रवास कोण करणार?

ही गाठ सुटली ती १ एप्रिल २००३ रोजी, माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेने. अंशदायी म्हणजे सभासदाने निवृत्तीच्या वेळी आपल्या हुद्द्याप्रमाणे एकदाच वर्गणी भरावयाची, आणि मग त्याला व त्याच्या पत्नीला जन्मभर उपचार मिळावयाचे. वीरपत्नींना ही वर्गणी माफ आहे. अवलंबून असलेली मुले व आईबाप यांचाही, ठरलेल्या अटींनुसार, तीत समावेश होतो. या योजनेचे वैशिष्ट्य असे की, तिची दवाखान्यांची साखळी केवळ छावण्यांपुरती न ठेवता, जेथे छावणी नाही अशा जिल्ह्यांतही पसरविण्यात आली. सोलापूरचा दवाखाना हा त्यांतलाच एक.

आता औषधांच्या चिठ्ठीविषयी. दवाखान्यातील डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेथेच विनामूल्य मिळते. साठ्यात नसल्यास ते नेमलेल्या स्थानिक औषधविक्रेत्याकडून आणवून देण्याची तरतूद आहे. मोठा आजार असेल तर दवाखाना करारबद्ध रुग्णालयाकडे चिठ्ठी देतो. अकस्मात प्रसंगी रुग्णास कोणत्याही रुग्णालयात नेता येते. मात्र ते करारबद्ध नसेल तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत दवाखान्यास कळविले पाहिजे, म्हणजे नियमाप्रमाणे खर्चाची भरपाई मागता येते. ही एक अट माहीत नसल्यास हक्क असूनही खर्च अंगावर पडण्याचा संभव असतो.

हक्क कागदावर उतरला म्हणजे तो घरात पोहोचला, असे नाही. गोळी खिडकीतून हातात पडते तेव्हाच तो पुरा होतो. साठा संपलेला असला, की वृद्ध रुग्ण रिकाम्या हाताने परततो आणि पदरच्या पैशाने औषध घेतो. त्या दिवसापुरता तो पुन्हा १९१८ पूर्वीच्या काळात गेला असेच म्हणावे लागेल. म्हणून साठ्याची चोख व्यवस्था ही कारकुनी बाब नसून दिलेल्या शब्दाचे पालन आहे.

दुसरी गोष्ट कुटुंबीयांच्या हाती आहे. सेवेच्या कागदपत्रांत पत्नीचे व मुलांचे नाव बिनचूक असणे, ओळखपत्र वेळीच काढणे, आणि सैनिकाच्या पश्चात पत्नीने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संबंध न तोडणे, एवढे तरी प्रत्येक घराने करावे. आपल्या शेजारी अशी एखादी वृद्ध माता एकटी राहत असेल, तर तिचे कागद एकदा वाचून पाहण्याचे काम शिकलेल्या शेजाऱ्याने आपण होऊन करावे. ज्या घराने आपला मुलगा सीमेवर धाडला, त्या घरास औषधासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, हे पाहण्याचा भार एकट्या सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.