गिऱ्हाईक, मालक आणि पोऱ्या

इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि लढाया यांची आपण अपेक्षा करतो. मी आज चहाच्या टेबलाचा इतिहास सांगणार आहे. विषय सुचला तो एका पोरकट वस्तूवरून. रद्दीच्या दुकानात मला एक जुने अमेरिकन चित्रकथेचे पुस्तक मिळाले. आर्ची नावाचा तांबड्या केसांचा पोरगा त्याचा नायक. हा पोरगा १९४१ च्या डिसेंबरात पहिल्यांदा छापला गेला आणि तेव्हापासून त्याचे वय काही वाढलेले नाही. त्याची आणि रेजी नावाच्या दुसऱ्या पोराची सदा चुरस, आणि या मंडळींचा अड्डा म्हणजे पॉप टेट याचे खाण्याचे दुकान. शब्दकोश जवळ घेऊन मी ते वाचले. माझे इंग्रजी शाळेतले नाही, कामगार न्यायालयाचे कागद वाचता वाचता आलेले आहे. उद्धट गिऱ्हाईक टेबलावर बसून हुकूम सोडते, वाढणाऱ्या पोराची त्रेधा उडते, आणि वाचणारा हसतो. मीही हसलो. पण तो वाढणारा पोरगा मी स्वतः होतो, हे आठवले आणि हसू आवरले.

१९८३ च्या उन्हाळ्यात मी सुप्याला नगर-पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलात कामाला लागलो. त्याचे नाव सांगत नाही, ते आता राहिलेलेही नाही. पत्र्याचे छप्पर, एक भट्टी, सहा टेबले, आणि मागे कपबशा विसळायची मोरी. पारनेर तालुका दुष्काळी. शाळा सुटली की घरातले एक खाणारे तोंड बाहेर जेवले तर तेवढाच आधार, एवढाच त्या नोकरीचा हिशेब. आम्ही दोघे पोरे होतो. दुसरा माझ्याहून वर्षाने मोठा. एस.टी. थांबली की रस्त्याकडेच्या दोन टेबलांवर पुण्या-मुंबईचे प्रवासी बसत, आणि बशीत चार आणे, आठ आणे ठेवून जात. आतल्या टेबलांवर गावातले लोक. ते काही ठेवत नसत, उलट उधारी मांडत. म्हणून बाहेरची टेबले कोणाची, यावरून आम्हा दोघांत रोज युद्ध. मालक ते मिटवीत नसे. त्याला त्यात फायदा होता, कारण दोन पोरे एकमेकांवर नजर ठेवून होती आणि तिसऱ्या पगारी माणसाची गरज पडत नव्हती. हे मला वीस वर्षांनी कळले.

एके दिवशी सफारीतला एक गृहस्थ बाहेर बसला. चुटकी वाजवून, "ए पोऱ्या" अशी हाक. चहा गार आहे म्हणून त्याने कपातला चहा माझ्या जोडीदाराच्या हातावर ओतला. तो चहा गार नव्हता. हाताला फोड आले, यावरून ते उघड आहे. मालकाने गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि पोराला शिवी दिली. मी काय केले? मी फडके घेऊन पुढे झालो, टेबल पुसले आणि दुसरा चहा आणून ठेवला. त्या दिवशीचे आठ आणे मला मिळाले. आठवडा संपायच्या आत जोडीदाराला हाकलले. त्याच्या पंधरा दिवसांच्या पैशांचे काय झाले, ते मी विचारले नाही.

आता इतिहासाकडे येतो.

चहाच्या पेल्याने आपल्याकडे मोठमोठ्यांना हलवलेले आहे. १८९० साली पुण्याला पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात जाहीर करून टाकली, आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनाच एका पेल्यापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले. मग ज्याला कोणी यादीतही घेत नव्हते, त्याच्या पेल्याचे काय?

त्याच्यासाठी खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत वेगळी कपबशी असे. ती वळचणीला ठेवलेली. ज्याची त्याने उचलायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, आणि स्वतः विसळून परत ठेवायची. म्हणजे पैसे मोजूनही तो गिऱ्हाईक नव्हता.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे यांची हकिकत अनेकांनी ऐकली असेल, पण ती हॉटेलाच्या बाजूने कोणी सांगत नाही. ते छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. स्पृश्यांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परगावाहून आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना नोकरी सोडून स्वतंत्र धंदा काढायला सांगून पैशाची मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. जागा स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. शेजारच्या हॉटेलात गर्दी आणि इथे माशा. धंद्यातली चुरस आपण दर आणि चव यांवर चालते असे समजतो. इथे ती जातीवर चालली होती. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या दारात उभी करवली, चहा मागवला, स्वतः घेतला आणि बरोबरच्या उच्चवर्णीय अंमलदारांनाही घ्यायला लावला. राजा पितो म्हटल्यावर चाकरांना नाही कसे म्हणता येईल? पुढे महाराजांनी त्यांना सोडावॉटरचे यंत्रही दिले असे सांगतात. १९२२ साली महाराज वारले. त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळ्यांनी, कोल्हापूरच्या नर्दुल्ला बागेत. एका चहावाल्याने गिऱ्हाइकाचे स्मारक बांधावे, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

पण प्रत्येक चहावाल्याच्या दारात राजा गाडी उभी करू शकत नाही. म्हणून कायदा लागतो. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. एवढ्या थोर ग्रंथात हॉटेलाचे नाव घालावे लागले, यावरून ती जागा किती महत्त्वाची होती ते समजावे. १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. तरीही १९७२ साली बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावे लागले.

याच काळात अमेरिकेत काय चालले होते पाहा. आर्चीच्या गावात पोरे आईस्क्रीम खात होती, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी वुलवर्थ नावाच्या दुकानातल्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले आणि कॉफी मागितली. त्यांना वाढले नाही. ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, तिसऱ्या दिवशी आणखी. पुढे १९६३ च्या मे महिन्यात जॅक्सन शहरात असेच बसलेल्यांच्या डोक्यावर गोऱ्या पोरांनी साखर, मोहरीची चटणी, टोमॅटोचा सॉस ओतला. त्याचे छायाचित्र जगभर गेले. ग्रीन्सबरोचे टेबल २५ जुलै १९६० ला खुले झाले, तेव्हा तिथे पहिल्यांदा बसून जेवले ते त्याच दुकानातले काळे नोकर. त्याच दुकानात राबत असून त्यांना त्या टेबलाशी बसायची मुभा नव्हती. मला या लढ्यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते, आणि सांगणारे ती शेवटी, जाता जाता सांगतात.

आता मुंबई. तिथे इराण्यांची हॉटेले, आणि पुढे दक्षिण कानडातून आलेल्यांची उडुपी हॉटेले. इराण्याच्या भिंतीवर सूचनांची पाटी असे: हे करू नका, ते करू नका. धोबीतलावच्या एका इराण्याच्या पाटीवरून निस्सिम इझिकेल यांनी एक इंग्रजी कविताच केली. लोक ती पाटी वाचून हसतात. मी मात्र तिला गिऱ्हाइकांच्या वर्तनाची बखर समजतो, कारण कोणी केल्याशिवाय मनाई लिहावी लागत नाही. उडुपी हॉटेलांची गोष्ट निराळी. माटुंग्याला १९४२ साली रामा नायक यांनी खाणावळ काढली, ती नावारूपाला आली. पण गावाकडून आलेली शेकडो पोरे पहाटेपासून टेबले पुसत, रात्री हॉटेलातच जमिनीवर झोपत, आणि काही जिद्दीची रात्रशाळेत जात. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरला विशीच्या आतच हॉटेल कामगारांत उतरले होते. मुंबईत आल्यावरही त्यांनी हे काम केले. हा कामगार संघटित करायला फार कठीण. गिरणीत हजार माणसे एका भोंग्यावर आत जातात. हॉटेलात सहा माणसे, तीही मालकाच्या नात्यातली किंवा गावची, आणि बक्षिसीसाठी एकमेकांवर डोळा ठेवून असलेली. पगाराचा भार मालकाने गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टाकला की कामगार मालकाशी भांडत नाही, जोडीदाराशी भांडतो. आणि गिऱ्हाइकाला वाटते की आठ आण्यांत आपण माणूसही विकत घेतला.

यावर तोड निघालीच नाही असे नाही. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करायला घेतली, तेव्हा १९५७ साली ए. के. गोपालन यांच्या मदतीने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. डोक्याला तुरेदार फेटा बांधलेला वेटर तिथे भागीदार होता. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. तिथे मी प्रथम जेवलो तेव्हा सवयीने ताट उचलायला उठलो.

कायद्याचे म्हणाल तर १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा उपाहारगृहांना लागू होता. दिवसाला नऊ तास, आठवड्याची सुटी, सारे त्यात होते. सुप्याच्या त्या हॉटेलात मला तो भेटला नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल-धाब्यांवर ठेवण्यास बंदी आली. ते चांगले झाले. २०१७ साली महाराष्ट्राने दुकाने-आस्थापनांचा नवा कायदा केला, आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना त्यातून बहुतेक मोकळे सोडले. सहा टेबलांच्या हॉटेलात दहा कामगार कुठून आणायचे?

सुप्याला आता औद्योगिक वसाहत आहे. रस्ता रुंद झाला, धाबे वाढले, आणि वाढणारी पोरे परप्रांतांतून येऊ लागली. मागच्या पावसाळ्यात अशाच एका पोराच्या थकलेल्या पगाराचा अर्ज लिहायला मी बसलो होतो. मिसरूड फुटलेला, अठरा-एकोणीसचा. नाव विचारले तर म्हणाला, "छोटू." म्हटले, "अर्जावर ते चालत नाही, आईबापांनी ठेवलेले सांग." त्याने ते सांगितले, मग माझ्या हातातला कागद आपल्याकडे वळवून, मी ते बरोबर लिहिले आहे की नाही, ते पाहिले. काना चुकला होता. तो दुरुस्त केला.