उंची मोजायची कोणत्या फुटपट्टीने?

शाळेत असताना वर्गात मी सर्वांत उंच होतो. एवढ्या एकाच भांडवलावर आमच्या सरांनी मला बास्केटबॉलच्या संघात ‘सेंटर’च्या जागी उभे केले. माझ्या हातून बास्केट क्वचितच होई. पण रिंगखाली हात वर करून उभा राहिलो, की समोरच्यांचे बरेच चेंडू परत जात. सामना संपल्यावर वही उघडली, की माझ्या नावापुढे दोन, फार तर चार गुण. अडवलेल्या चेंडूंसाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

गेल्या मे महिन्यात पुतण्या सुट्टीला आला. ‘‘काका, आजवरचा सर्वांत थोर सेंटर कोण?’’ असे विचारून त्याने स्वतः आखलेला आकड्यांचा तक्ताच माझ्यापुढे ठेवला. अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत, म्हणजे एनबीएत, नाव गाजवलेले सगळे उंच गडी त्यात ओळीने होते. पहिले नाव विल्ट चेंबरलेनचे.

आकड्यांचाच निवाडा मानायचा, तर वाद तिथेच मिटतो. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी या सात फुटी माणसाने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्या मोसमात त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुणांची. सामना ४८ मिनिटांचा आणि हा सरासरी ४८.५ मिनिटे मैदानावर! जादा वेळेचे सामने धरल्यामुळे असा हिशेब लागतो. पण त्या काळी एनबीएत संघ नऊच होते आणि खेळ भलताच वेगवान. एकेक संघ सामन्यात शंभराहून अधिक वेळा चेंडू रिंगकडे टाकी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाच आकडा ऐंशीच्या आसपास उतरला होता. पीक दोन्हीकडे आले, पण पाऊस सारखा नव्हता.

खरी गंमत पुढेच आहे. या उंच माणसांना मोजायचे नियम त्यांच्यामुळेच बदलत गेले. सहा फूट दहा इंच उंचीचा जॉर्ज मायकन कॉलेजात खेळत असताना रिंगकडे उतरणारा चेंडू वरच्या वर उडवून लावी. त्याच्यासारख्यांमुळे १९४४ मध्ये कॉलेजच्या खेळात त्यावर बंदी आली. पुढे तो मिनीॲपोलिस लेकर्सकडून व्यावसायिक खेळू लागला. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने त्याच्या धास्तीने चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि सामना १९-१८ असा जिंकला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ मायकनचे! १९५१ मध्ये रिंगपुढचा पट्टा ६ फुटांचा १२ फूट करून त्याला रिंगपासून दूर ढकलले. १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकलाच पाहिजे, असा नियम आला. चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, तोच पट्टा १६ फुटांचा झाला.

लू अल्सिंडोर, म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार, कॉलेजात खेळू लागला तेव्हा तिथे १९६७ मध्ये चेंडू रिंगमध्ये वरून दाबून घालण्यासच मनाई झाली. ती १९७६ पर्यंत टिकली. करीमचे हत्यार वेगळेच होते. बाजूला वळून, एक हात डोक्यावर ताणून टाकलेला त्याचा ‘स्कायहुक’ अडवणे जवळजवळ अशक्य होते. वीस मोसमांत त्याने ३८,३८७ गुण केले. तो विक्रम ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लेब्रॉन जेम्सने मोडला.

आता बिल रसेल. सरासरी जेमतेम १५ गुण, म्हणून पुतण्याच्या तक्त्यात तो बराच खाली होता. पण बोस्टन सेल्टिक्सने त्याच्या तेरा मोसमांत अकरा विजेतेपदे मिळवली. बाद फेरीत चेंबरलेनच्या संघाशी त्याच्या संघाची गाठ आठ वेळा पडली, त्यांत सात वेळा रसेलचीच सरशी झाली. तो चेंडू नुसता अडवत नसे, तर मैदानाबाहेर न घालवता आपल्याच गड्याच्या हाती जाईल असा थोपवी. अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद मात्र एनबीएने १९७३-७४ पासून सुरू केली. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता.

मैदानाबाहेरही त्याला जमेत न धरणारे होतेच. १९६१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे सेल्टिक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलात खाणे नाकारले गेले. रसेल आणि त्याचे सोबती तो सामना न खेळता परतले. १९६६ मध्ये तोच सेल्टिक्सचा प्रशिक्षक झाला. एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक.

‘‘पण काका, तो आला तेव्हा संघ आठच होते. आज तीस आहेत,’’ पुतण्या म्हणाला. बरोबरच आहे. नायजेरियाचा हकीम ओलाजुवॉन किंवा सर्बियाचा निकोला योकिच यांच्याशी रसेलची गाठ कधी पडलीच नाही. २०१४ च्या निवडीत एक्केचाळिसावा आलेला योकिच रिंगपासून लांब उभा राहून चेंडू वाटतो, आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून देतो. सेंटरचे कामच बदलले. म्हणून मला वाटते, ‘कोण मोठा’ याऐवजी ‘याच्या आधी जे कोणाला सुचले नव्हते, असे याने काय केले’ हे विचारावे. त्याचे उत्तर प्रत्येकाच्या काळातच सापडते.

जाताना पुतण्याने तक्ता गुंडाळायला घेतला. रसेलच्या ओळीत, अडवलेल्या चेंडूंच्या रकान्यात त्याने शून्य लिहिले होते. मी म्हटले, ‘‘अरे, ते शून्य खोड. ती जागा रिकामी ठेव. मोजले नाही म्हणजे नव्हते, असे नाही.’’ त्याने खोडरबर मागितले.