एलडीएल ग्राही : रक्तातील कोलेस्टेरॉल टिपणारी पेशीची दारे

रक्ततपासणीच्या अहवालात 'एलडीएल'चा आकडा वाढलेला दिसला की पहिला संशय आहारावर घेतला जातो. आहाराचा परिणाम होतोच; परंतु रक्तात किती एलडीएल शिल्लक राहील, हे प्रामुख्याने यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनावर अवलंबून असते. त्याला एलडीएल ग्राही किंवा एलडीएल रिसेप्टर म्हणतात. शाकाहारी, सडपातळ आणि नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीचेही कोलेस्टेरॉल धोकादायक पातळीवर का असू शकते, याचे उत्तर अनेकदा या प्रथिनात सापडते.

कार्यपद्धती

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून ते सूक्ष्म कणांत बांधून वाहून नेले जाते. एलडीएल हा असाच एक कण असून त्यावर ॲपोबी-१०० नावाचे प्रथिन असते. ग्राही हे प्रथिन ओळखतो आणि कणाला धरून ठेवतो. त्यानंतर पेशीचे आवरण त्या जागी आत वळते व दोघांनाही आत घेते. आतील आम्लधर्मी वातावरणात ग्राही कणापासून सुटतो आणि पृष्ठभागावर परत येतो. या फेरीला सुमारे दहा मिनिटे लागतात. कणाचे मात्र विघटन होऊन त्यातील कोलेस्टेरॉल पेशीला मिळते.

पेशीत पुरेसे कोलेस्टेरॉल जमले की ती स्वतःचे उत्पादन कमी करते आणि नवे ग्राही घडवणेही मंदावते. तुटवडा भासला की ग्राहींची संख्या वाढवते. शरीरातील बहुसंख्य एलडीएल ग्राही यकृतात असतात, म्हणून रक्त स्वच्छ करण्याचा मुख्य भार यकृतावर पडतो.

शोध

अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३ च्या सुमारास त्वचेच्या पेशींवर प्रयोग केले. निरोगी पेशींना एलडीएल दिल्यावर त्यांचे कोलेस्टेरॉल उत्पादन थांबले. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल, म्हणजेच फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, असलेल्या रुग्णांच्या पेशींत मात्र ते चालूच राहिले. त्याच पेशींना अल्कोहोलमध्ये विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल दिले, तेव्हा उत्पादन घटले. दोष कारखान्यात नव्हता. एलडीएलला आत घेणारे दारच नव्हते. या संशोधनासाठी दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८४ मध्ये पिट्सबर्ग येथे या विकाराने गंभीर आजारी असलेल्या सहा वर्षांच्या मुलीवर हृदय व यकृत यांचे एकत्रित प्रत्यारोपण झाले. नव्या यकृतावर कार्यक्षम ग्राही असल्याने तिचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले.

विकार आणि औषधे

सदोष जनुकाची एक प्रत असलेल्या व्यक्तींचे प्रमाण साधारणपणे २५० ते ३०० मध्ये एक असते. त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दोन्ही प्रती सदोष असणे अत्यंत दुर्मीळ आहे. मात्र अशा मुलांना उपचारांअभावी बालपणी किंवा पौगंडावस्थेतही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी बुरशीपासून मिळवलेल्या द्रव्यातून स्टॅटिन औषधांचा मार्ग खुला झाला. स्टॅटिन पेशीतील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. तुटवडा भरून काढण्यासाठी यकृत अधिक ग्राही घडवते आणि रक्तातील एलडीएल घटते. ज्यांच्याकडे कार्यक्षम ग्राही जवळजवळ नसतात, त्यांना या औषधाचा फारसा उपयोग होत नाही, याचे कारणही हेच.

पुढे पीसीएसके९ हे प्रथिन ग्राहींना नष्ट होण्याकडे नेते, असे स्पष्ट झाले. त्याला अडवणारी ॲलिरोक्युमॅब व इव्होलोक्युमॅब ही इंजेक्शने २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

संदेशवहनातील भावंडे

या ग्राहीच्या कुळातील इतर सदस्य पेशींमधील संदेशही पोहोचवतात. एलआरपी५ हाडांच्या घडणीचे संदेश स्वीकारतो. तो निकामी झाल्यास हाडे ठिसूळ होतात. व्हीएलडीएल ग्राही व ॲपोईआर२ हे रीलिन नावाच्या प्रथिनाचा संदेश घेतात. विकसनशील मेंदूतील चेतापेशी त्यामुळे आपापल्या थरात योग्य जागी पोहोचतात.

कुटुंबासाठी अर्थ

अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराची जोखीम वाढवणारा घटक मानला आहे. प्रौढांमध्ये एलडीएल १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असेल, टाचेमागच्या कंडरेवर गाठी असतील अथवा जवळच्या नातलगाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर आनुवंशिक दोषाची शक्यता पडताळतात. भारत व अमेरिकेतील अहवालांत हे एकक रूढ आहे; ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटर वापरतात आणि तेथे हाच आकडा ४.९ असा दिसतो. भारतातील आईवडिलांचा अहवाल परदेशातील अहवालाशी ताडताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

निदान एका व्यक्तीचे झाले, तरी तपासणी आईवडील, भावंडे व मुले या सर्वांची करणे आवश्यक ठरते, मग ती कोणत्याही देशात राहत असोत. या विकारात रक्तवाहिन्यांवरील भार जन्मापासून साचत जातो; म्हणूनच उपचार जितक्या लवकर सुरू होतात, तितका लाभ अधिक होतो.