बेडरूममध्ये बुरशी येतेय? आधी आर्द्रता मोजा, मग खर्च करा

पुण्यात जुलै-ऑगस्ट आला की बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके, कपाटात कुबट वास आणि चामड्याच्या बेल्टवर पांढरी बुरशी हे ठरलेलं. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर हा नुसता रंग खराब होण्याचा प्रश्न राहत नाही. बुरशीचे बीजाणू श्वासातून आत जातात आणि त्रास वाढतो.

आता फोनचं बघू. वेदर ॲपमधली आर्द्रता बाहेरची असते, तुमच्या खोलीची नाही. ‘ह्युमिडिटी मीटर’ नावाच्या ॲपच्या नादी तर लागूच नका. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये आर्द्रतेचा सेन्सर खरंच होता, पण आजच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो. मग ॲप आकडा आणणार कुठून? इंटरनेटवरून, म्हणजे पुन्हा बाहेरचाच. त्यापेक्षा काही शे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर घ्या.

तो बरोबर आहे का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाका. मीठ ओलं व्हावं, विरघळू नये. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर मीटर ५ ने कमी दाखवतोय, एवढं लक्षात ठेवायचं.

मीटर कुठे ठेवता यावर सगळं आहे. मी तो टेबलावर न ठेवता बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे सरकवतो. कारण सोपं आहे: खोलीतली हवा २८ अंश आणि ७२ टक्के असेल, पण ती भिंत २४ अंश असेल, तर भिंतीलगत तीच हवा ९० टक्क्यांच्या आसपास जाते. पृष्ठभागापाशी आर्द्रता सुमारे ८० च्या वर टिकली की बुरशीला रान मोकळं. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. खोलीत ६० च्या खाली आणायचं ध्येय ठेवा. पावसाळ्यात ते सहज जमत नाही, हेही खरं.

‘बाहेर ९० टक्के आहे, खिडकी कशाला उघडू?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. टक्के नाही, दवबिंदू बघा. ढोबळ हिशोब असा: १०० मधून आर्द्रता वजा करा, उत्तराला ५ ने भागा आणि ते तापमानातून वजा करा. आत २८ अंश, ८० टक्के म्हणजे दवबिंदू २४. बाहेर २४ अंश, ९० टक्के म्हणजे २२. बाहेरची हवा प्रत्यक्षात कोरडी आहे, खिडकी उघडा! खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालत असाल तर हा फरक आणखी वाढतो, कारण ते सगळं पाणी हवेतच जातं.

पण ओल भिंतीतूनच येत असेल तर यातलं काहीच चालणार नाही. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं तर गळती किंवा मुरलेलं पाणी. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर हवेतला दमटपणा. गळती असेल तर डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून दर चार दिवसांनी फोटो काढा. भाड्याच्या घरात डिपॉझिटचा वाद झाला तर तारखेसकट हे फोटो कामाला येतात.

छोटा डाग साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडा करा. मास्क आणि हातमोजे घाला, कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू उडतात. ब्लीच वापरलंत तर त्यात टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

कापूर वास झाकतो, ओल नाही. एसी असेल तर ड्राय मोड लावून बघा. डिह्युमिडिफायर घ्यायचाच तर दिवसाला किती लिटर पाणी ओढतो ते वाचा. टेबलावर मावणारे छोटे डबे कपाटापुरते ठीक, बेडरूमला पुरत नाहीत.